गावाच्या दक्षिणेचा अंधार

पहिल्या खेपेला आम्ही डिसेंबरच्या अखेरीस गेलो, कारण दादाला, त्याच्या मुलीला आणि मला एकाच वेळी सुटी मिळाली होती. वाळवंटातले लहानसे गाव, आसपास वस्ती विरळ, हवा कोरडी. एवढे जमले की आकाश आपोआप दिसेल असे आम्ही गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती शुक्लपक्षातली एकादशी निघाली. चंद्र सूर्यास्तालाच बराच वर आलेला होता आणि पहाटेपर्यंत मावळायचे नाव घेत नव्हता. मुक्कामाच्या जागी कुंपणाभोवती पांढरे दिवे रात्रभर जळत होते. शिवाय मी ज्याच्या ओढीने गेले होते तो आकाशगंगेचा केंद्रभाग दिसण्याची त्या दिवसांत शक्यताच नव्हती, कारण डिसेंबरच्या अखेरीस सूर्य धनु तारकासमूहात असतो आणि आकाशगंगेचे केंद्रही त्याच दिशेला आहे. म्हणजे जे पाहायचे ते सूर्याबरोबर उगवून सूर्याबरोबरच मावळत होते. राशी आणि नक्षत्रे लहानपणापासून पाठ असूनही हे एवढे साधे गणित मी जाण्यापूर्वी केले नव्हते, याची मला अजूनही लाज वाटते.

दुसऱ्या खेपेची आखणी म्हणूनच मी सुटीपासून सुरू केली नाही. आधी कागदावर चंद्र मांडला. चंद्र दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे कृष्ण अष्टमीच्या सुमारास तो मध्यरात्री उगवतो आणि त्यानंतर अमावस्येपर्यंत रात्रीचा अंधारा भाग वाढत जातो. केवळ अमावस्येची एक रात्र धरणे धोक्याचे होते, कारण त्या एका रात्री ढग किंवा धूळ आली तर सगळा प्रवास वाया गेला असता. म्हणून त्रयोदशी, चतुर्दशी आणि अमावस्या अशा सलग तीन रात्री राखून ठेवायच्या आणि तिन्हींपैकी एक चांगली मिळाली तरी समाधान मानायचे, असे ठरवले. दादाला हे पटायला वेळ लागला. एका रात्रीच्या कामासाठी तीन रात्रींची रजा घेणे त्याच्या हिशेबी स्वभावाला मानवत नव्हते.

महिना ठरवताना मात्र मजा आली. आम्ही निवडलेले गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २७ अंशांवर आहे. जगातली पुष्कळशी उष्ण वाळवंटे याच पट्ट्याच्या आसपास आहेत, कारण विषुववृत्ताजवळ वर गेलेली हवा येथे खाली उतरते, उतरताना तापते आणि ढग धरत नाही. आकाश पाहणाऱ्याला या अक्षांशाचा आणखी एक फायदा मिळतो. ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २७ अंशच वर राहतो आणि तेवढ्याच प्रमाणात दक्षिणेचे आकाश उघडते. अगस्त्याचा तारा दक्षिण क्षितिजावर सुमारे दहा अंश वर येतो, नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पंधरा अंशांपर्यंत चढतो, आणि आकाशगंगेचे केंद्र दक्षिणेला चांगले चौतीस अंशांवर येते. हे सर्व एकाच रात्रीत बसवायचे असेल तर मार्चचा आरंभ सोयीचा ठरतो, असे आकडेमोडीनंतर लक्षात आले. संधिप्रकाश संपता संपता अगस्त्य दक्षिणेला मध्यावर असतो. मध्यरात्रीनंतर दोनेक तासांनी आकाशगंगेचे केंद्र आग्नेयेला उगवते, पाऊणएक तासाने ओमेगा सेंटॉरी आपल्या सर्वोच्च स्थानी येतो, आणि पहाट फुटण्यापूर्वी केंद्रभाग जवळजवळ अठ्ठावीस अंश वर चढलेला असतो. उन्हाळ्यात हाच भाग रात्रभर दिसतो हे खरे. पण तेव्हा रात्री आखूड होतात आणि वाळवंटातल्या वादळांची धूळ हवेत तरंगत राहते.

यादीकडे पुन्हा एकदा पाहिले तेव्हा त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दक्षिणेला किंवा आग्नेयेला असल्याचे माझ्या ध्यानात आले. तोपर्यंत मी केवळ ‘गावापासून किती दूर’ एवढाच विचार करत होते. गाव आपल्या कोणत्या बाजूला राहील, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. वाळवंटातले गाव लहान असले तरी त्याच्या दिव्यांचा उजेड हवेतल्या धुळीवर विखुरतो आणि क्षितिजावर फिकट घुमट उभा राहतो. तो घुमट दक्षिणेला आला तर दहा अंशांवरचा अगस्त्य त्यातच बुडणार, आणि तोच उत्तरेला ठेवला तर त्याच्यामागे ध्रुव आणि शर्मिष्ठेखेरीज फारसे काही गमवावे लागणार नाही. म्हणजे आम्हाला गावाच्या दक्षिणेला जायचे होते. अंतराबद्दलही एक ठोकताळा हाताशी होता. मर्ल वॉकर या खगोलशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात शहरांच्या उजेडाची मोजमापे करून असे दाखवले होते की अंतराच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात हा उजेड मंदावतो. अंतर दुप्पट केले की झळाळी साडेपाच पटींहून अधिक घटते. म्हणून पंधरा किलोमीटरवरची सोयीची जागा सोडून तीस किलोमीटरवरचा एक सपाट, कडक जमिनीचा माळ मी नकाशावर निवडला.

प्रकाश प्रदूषणाचे नकाशे या कामी उपयोगी पडतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कृत्रिम प्रकाशाच्या जागतिक नकाशासंग्रहाने जगातली एक तृतीयांश माणसे आपल्या घरून आकाशगंगा पाहू शकत नाहीत असे दाखवून दिले, आणि तेव्हापासून असे नकाशे सर्वांच्या हाती आले. त्यांच्या मुळाशी उपग्रहाने टिपलेला उजेड असतो. ज्या उपकरणाची माहिती बहुतेक नकाशे वापरतात त्याला ५०० नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीच्या लहरी, म्हणजे निळा प्रकाश, जाणवत नाही. आणि नव्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत नेमका तोच भरपूर असतो. शिवाय तो उपग्रह स्थानिक वेळेनुसार मध्यरात्रीनंतर सुमारे दीड वाजता डोक्यावरून जातो, तोवर संध्याकाळचे कितीतरी दिवे मालवलेले असतात. नकाशावर काळा दिसणारा ठिपका संध्याकाळी आठ वाजता काळा असेलच असे नाही. हे सर्व मी वाचले होते, भाचीला समजावूनही सांगितले होते, आणि तरीही नकाशावरच्या माझ्या माळावर माझा पूर्ण विश्वास बसला होता.

त्रयोदशीच्या दुपारी आम्ही तो माळ उजेडात पाहून आलो. ही पाहणी दिवसा करणे अत्यावश्यक आहे, कारण रात्री खड्डा, तारेचे कुंपण, काटेरी झुडूप, सैल वाळू यांतले काहीच दिसत नाही. चित्रांत शोभणारी वाळूची टेकडी आम्ही मुद्दाम टाळली. तिथे कॅमेऱ्याचे तिकाटणे हळूहळू रुतत जाते, जराशा वाऱ्याने वाळू भिंगांत शिरते, आणि गाडी अडकली तर काढायला कोणी नसते. कोणाच्या जमिनीवर रात्री थांबतो आहोत हे विचारून परवानगी घेतली, मुक्कामाच्या जागी अक्षांश-रेखांश लिहून ठेवले, आणि सकाळी अमुक वेळेपर्यंत परतलो नाही तर शोध घ्यावा असे सांगून ठेवले. नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला होता, कारण त्या बाजूला नेटवर्क मिळत नव्हते.

अंधार पडला आणि दक्षिणेला, सुमारे बारा किलोमीटरवर, पांढऱ्या झोतदिव्यांची एक रांग पेटली. दिवसा तिथे काही आहे याची पुसटशीही कल्पना आली नव्हती. कोणत्यातरी नव्या खोदकामाचे ते दिवे होते आणि नकाशाच्या माहितीपेक्षा ते काम अर्थातच ताजे होते. गाव उत्तरेला ठेवण्यासाठी एवढी आकडेमोड केली आणि दक्षिणेला दुसरेच गाव उभे राहिले. भाची म्हणाली, “आत्या, हे दिवे कृष्णपक्ष पाळत नाहीत वाटतं.” मला त्या क्षणी हसू आले नाही.

त्या रात्री निरीक्षण सोडून आम्ही गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून बसलो. पश्चिमेकडे पक्का रस्ता होता, म्हणून दादाचे मत पश्चिमेला सरकावे असे होते. “रस्ता चांगला आहे, उगाच रेताडात कशाला शिरायचं?” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु पश्चिमेला गेलो असतो तर ते झोतदिवे आमच्या आग्नेयेला आले असते, आणि आकाशगंगेचे केंद्र आग्नेयेलाच उगवणार होते. पूर्वेला अठराएक किलोमीटर सरकलो तर दिवे नैर्ऋत्येला जातील, गाव वायव्येला जाईल, आणि आग्नेय ते दक्षिण हा आम्हाला हवा असलेला पट्टा मोकळा राहील. दिव्यांचे अंतरही बारावरून जवळजवळ बावीस किलोमीटरवर जाणार होते, म्हणजे वॉकरच्या हिशेबाने त्यांचा उजेड चार पटींहून अधिक कमी होणार होता. दादाने कागदाकडे बराच वेळ पाहिले आणि “बरं, उद्या पूर्वेकडची वाट बघून येऊ” एवढेच म्हटले.

पूर्वेकडची वाट खडबडीत पण कडक निघाली. जागा छान होती. दक्षिणेचे क्षितिज एकही झाड वा खांब मध्ये न येता जमिनीला टेकत होते. मात्र चतुर्दशीच्या त्या दुपारी वारा सुटला आणि संध्याकाळपर्यंत आकाशाचा निळा रंग दुधाळ झाला. ढग नसले म्हणजे आकाश स्वच्छ असते, हा मैदानी भागातल्या माणसाचा समज वाळवंटात साफ खोटा ठरतो. बारीक धूळ डोक्यावरचे तारे फारसे झाकत नाही. पण दहा अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या साडेपाच पटींहून अधिक हवा ओलांडून येतो, त्यामुळे सगळा फटका क्षितिजाजवळच्या ताऱ्यांनाच बसतो. व्याध झगझगीत दिसत होता, पण त्याच्या खाली, जिथे अगस्त्य असायला हवा तिथे, तासभर शोधूनही एक तांबूस, मिणमिणता ठिपकाच हाती लागला. एरवी अगस्त्य हा रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा आहे.

मोकळा वेळ मिळाल्यामुळे आम्ही सरंजामाची तालीम केली आणि ती फार उपयोगी पडली. डोळ्याची बाहुली काही मिनिटांत पूर्ण उघडते, पण दृष्टिपटलातल्या, अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य पुन्हा साठायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि फोनच्या पडद्याचा एक कटाक्ष ती सर्व कमाई पुसून टाकतो. दंडपेशींना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, म्हणून विजेऱ्यांवर लाल कागद आणि फोनवर लाल पारदर्शक पट्टी लावली. आम्हाला खरे छळले ते गाडीने. दार उघडले की छताचा दिवा लागे, डिकी उघडली की डिकीचा. आणि दूरनियंत्रकाने कुलूप काढताच चारही इंडिकेटर लखलखून जात. छताच्या आणि डिकीच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली, कुलूप हाताने किल्ली फिरवून उघडायचे ठरवले. कॅमेऱ्याचा पडदाही तेवढाच त्रासदायक, म्हणून भाचीने आपले तिकाटणे आमच्यापासून पन्नास पावले दूर, पाठीमागे मांडायचे कबूल केले. तिने वीस मिलिमीटरच्या भिंगासाठी पंचवीस सेकंदांचे छायाचित्रण ठरवले होते. त्यापेक्षा जास्त वेळ उघडे ठेवले तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे रेघांसारखे उमटतात. दुर्बिणीच्या बाबतीत दादाचा आणि माझा वाद होता. मी ७×५० ची, म्हणजे सातपट मोठे दाखवणारी आणि पन्नास मिलिमीटर भिंगाची, द्विनेत्री घ्यावी म्हणत होते, कारण तिच्यातून सात मिलिमीटर रुंदीची प्रकाशशलाका बाहेर पडते. पण साठी ओलांडलेल्या माणसाची बाहुली बहुधा एवढी उघडत नाही, आणि जास्तीचा प्रकाश बुबुळावरच अडतो. १०×५० ची पाच मिलिमीटरची शलाका आम्हा दोघांनाही पुरेशी होती. हा मुद्दा मला स्वतःच्या वयाचाही विचार करून मान्य करावा लागला.

थंडीबद्दल एवढेच सांगते की दुपारी सदऱ्यात घाम फुटला म्हणून कोणी फसू नये. कोरडी हवा आणि उघडे आकाश यांमुळे जमीन आपली ऊब झपाट्याने सोडते, आणि पहाटे तीन वाजता आम्ही लोकरी टोप्या घालून पांघरुणांत बसलो होतो. बॅटऱ्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्या लागतात. आणखी एक वस्तू भाचीने आणली होती, ती अतिनील प्रकाशाची विजेरी. विंचवाचे कवच अतिनील प्रकाशात हिरवट चमकते, त्यामुळे सतरंजी टाकण्यापूर्वी आसपासची जमीन तपासता येते. एक वृश्चिक आम्हाला आकाशात हवा होता आणि दुसरा अंथरुणापाशी नको होता. तपासणीत दोन सापडले. आम्ही सतरंजी त्यांच्यापासून वीस हात दूर नेली.

अमावस्येच्या दिवशी वारा पडला आणि दुपारनंतर आकाश पुन्हा गडद निळे झाले. आम्ही सूर्यास्तापूर्वीच पोहोचलो. सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश जाईपर्यंत खगोलीय संधिप्रकाश संपत नाही, आणि या अक्षांशावर मार्चमध्ये त्याला साधारण एक तास वीस मिनिटे लागतात. ती वेळ मी दिशा पक्क्या करण्यात घालवली. वायव्येला गावाचा घुमट, बसका आणि रुंद, पिवळसर. नैर्ऋत्येला खोदकामाचे दिवे, आता क्षितिजावरचा एक लहानसा पांढुरका डाग. अगस्त्य दक्षिणेला होता आणि या वेळी शोधावा लागला नाही.

मग पश्चिमेला मला तिसराच एक उजेड दिसू लागला. सूर्य मावळून दीड तास होऊन गेला होता आणि तरीही तिथे एक फिकट शंकू उभा होता, खाली रुंद आणि वर निमुळता होत कृत्तिकांच्या दिशेने गेलेला. पहिली प्रतिक्रिया चिडचिडीची होती. आणखी एक काम सुरू झाले की काय! पण गाव वायव्येला होते आणि दिवे नैर्ऋत्येला. मधल्या पश्चिमेला, नकाशानुसार आणि दिवसा डोळ्यांनी पाहिल्यानुसार, काहीही नव्हते. शिवाय गावाचा घुमट क्षितिजाला चिकटून होता, तर हा अर्ध्या आकाशापर्यंत चढत होता. आणखी अर्ध्या तासाने कृत्तिका खाली सरकल्या तसा त्यांच्याबरोबर हा शंकूही सरकला. दिवे ताऱ्यांबरोबर फिरत नाहीत. तो राशिचक्रीय प्रकाश होता; ग्रह ज्या प्रतलात फिरतात त्याच प्रतलात पसरलेल्या बारीक धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. या अक्षांशावर मार्चच्या संध्याकाळी क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्याचा आकाशातला मार्ग, पश्चिम क्षितिजावर जवळजवळ ताठ उभे असते, म्हणून तो एवढा उंच दिसतो. आदल्या संध्याकाळी हवेतल्या धुळीने अगस्त्य हिरावून घेतला होता, आणि आज सूर्यमालेतली धूळच पाहण्याजोगी ठरली होती. दादाला मी काही सांगितले नाही, पंधरा मिनिटांनी तोच म्हणाला, “हे पश्चिमेला काय आहे? तिकडे तर कोणी राहत नाही ना?” कोणते दिवे कोठे आहेत हे त्यालाही आता तोंडपाठ झाले होते.

जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये अंधाराची नऊ पायऱ्यांची श्रेणी मांडली. तिच्यातल्या पहिल्या पायरीच्या आकाशात धनु-वृश्चिकाकडच्या आकाशगंगेच्या उजेडाने वस्तूंची सावली जमिनीवर पडते. आमचे आकाश तितके काळे नव्हते. मला वाटते ते तिसऱ्या पायरीच्या आसपास असावे, आणि ते ठरवण्यासाठी क्षितिजावर दोन घुमट अजून दिसत होते एवढे पुरेसे होते.

रात्रीच्या मधल्या भागात आम्ही आळीपाळीने झोपलो. अडीच वाजून गेल्यावर दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हेरला. नुसत्या डोळ्यांना तो किंचित धूसर तारा भासतो, आणि म्हणूनच जुन्या तारानकाशांत त्याला ताऱ्यासारखेच अक्षर मिळाले. तो वेगळाच पदार्थ असल्याची नोंद एडमंड हॅली यांनी १६७७ मध्ये केली. द्विनेत्रीतून तो पिंजलेल्या कापसाच्या गोळ्यासारखा दिसला. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवरचा, कोटीभर ताऱ्यांचा हा गोळा आहे. सरळ पाहण्यापेक्षा नजर जराशी बाजूला ठेवली की तो अधिक उजळ होतो, कारण दंडपेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागाबाहेर दाट असतात. दादाला ही युक्ती जमत नव्हती. तो दर वेळी हट्टाने सरळच बघे आणि “गेला, गेला” म्हणे.

आग्नेयेला तोपर्यंत ज्येष्ठा बरीच वर आली होती आणि तिच्याखालून मूळ नक्षत्राची वळलेली नांगी. तिच्या डावीकडे क्षितिजावर मला ढग आल्यासारखे वाटले, पण ढग उजळ नसतात. काळोख्या वाळवंटात ढग म्हणजे ताऱ्यांतली काळी भोके. हा उजळ होता. तासाभरात तो पट्टा क्षितिजापासून सुटा झाला आणि त्याच्या मधोमध गेलेल्या काळ्या चिरा दिसू लागल्या. आपल्यापासून केंद्राकडचा प्रकाश अडवणारी ती वायू आणि धुळीची दाट मेघपटले. भाची पाठीमागच्या पन्नास पावलांवरून कॅमेरा तसाच सोडून आमच्यापाशी येऊन बसली होती आणि तिचे तिकाटणे आपोआप टिकटिक करत होते. आग्नेय क्षितिजावर एकही दिवा नव्हता.

पहाटेचा पहिला फिकटपणा पूर्वेला आला तेव्हा आम्ही सामान आवरायला घेतले. पांघरुणे झटकून घडी केली, भिंगांवरची वाळू फुंकणीने उडवली, कारण कापडाने पुसली तर काच चरते. उजेडात सतरंजीभोवती पुन्हा एकदा पाहिले. परतताना पहिल्या माळावरून जाणारी वाट घेतली नाही. छतावरच्या दिव्याची काळी पट्टी काढायची मात्र राहूनच गेली. दोन आठवड्यांनी एका रात्री सीटखाली पडलेली किल्ली शोधताना दिवा का लागत नाही म्हणून मी बराच वेळ बटण दाबत बसले, तेव्हा कुठे तिची आठवण झाली.